यादोरावांच्या नावाची जागा

मोहाचा वास सगळ्यांनाच सोसत नाही. माझ्या सुनेचं त्यानं डोकं धरतं. फाल्गुन निम्मा झाला की ती सकाळी खिडक्या लावून घेते आणि मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहते. आमच्या घरामागे मोहाचं झाड नाही, पण नाल्यापलीकडे दोन आहेत. पहाटेची हवा तिकडची असली की तो गोड, जरासा आंबूस वास सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतो. त्या वासानं कुणाला माहेर आठवत असेल, कुणाला होळी. मला कॉम्प्युटरची लायसन आठवतात. हसा तुम्ही, माझी सूनही हसते. पण कुठल्या ऋतूला काय चिकटून बसेल ते आपल्या हातात थोडंच असतं.

मी भंडाऱ्याला एका विणकर संघात भांडार सांभाळते. सांभाळत होते म्हणायला हवं, कारण वयानं मी केव्हाच बाहेर पडले. पण मार्च जवळ आला की संघवाले बोलावतात आणि मी जाते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, तेही दुसऱ्या खेपेला पास. कोसा, म्हणजे टसर रेशमाचे कोश, मोजून घेणं, सुताच्या लडी मोजून देणं, मागाचे सुटे भाग, खुर्च्या, पंखे, सगळ्यांवर नंबर टाकणं हे माझं काम. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा सेक्रेटरीसाहेब म्हणाले, बाई, वस्तू आहे म्हणजे तुमच्याकडे. मी डबे मोजले, पडदे मोजले, वायरी मोजल्या आणि सही केली. तर म्हणाले, आतली सॉफ्टवेअरंही तुमच्याचकडे. मी म्हटलं, साहेब, जे डोळ्याला दिसत नाही ते मोजू कसं?

ते मला कुणी बसवून शिकवलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, स्वतःच घोकत, चुकत कळत गेलं. शेवटी मी ते माझ्यापुरतं असं लावून घेतलं. आमच्या जिल्ह्यात गावोगावी तलाव. तलावातली मासोळी धरायचा ठेका दरसाल कुणाला तरी मिळतो. म्हणून तलाव काही त्याचा होत नाही. पाणी गावाचं, पाळ गावाची, त्याला मिळतो तो जाळं टाकायचा हक्क, तोही मुदतीपुरता. लायसन म्हणजे तेच. सॉफ्टवेअर कंपनीचं, आपण घेतो ती नुसती वापरायची परवानगी. एका माणसाच्या नावानं एक परवानगी, आम्ही तिला ऑफिसात 'जागा' म्हणायचो. अमक्याच्या नावानं जागा आहे, तमक्याच्या नावानं नाही. एवढं डोक्यात बसलं आणि बाकीचं पाण्यासारखं सरळ झालं.

जागा द्यायला सगळे धावतात हो. नवा माणूस आला की पहिल्या दिवशीच त्याला जागा हवी. काढून घ्यायचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. माणूस शाल-श्रीफळ घेतो, आपला डबा, छत्री, टेबलाच्या काचेखालचा देवाचा फोटो घेऊन घरी जातो, आणि आत त्याची जागा तशीच राहते. मशीन बिघडलं की गोदामात जातं. त्याच्यावर धूळ बसते, उंदीर वायरी कुरतडतात, पण कंपनीच्या दफ्तरी ते मशीन अजून कामावर असतं आणि दर मार्चला त्याची परवानगी नवी करून घेतली जाते. असं आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललेलं.

मग प्राजक्ता आली. साकोलीची मुलगी, नागपूरला शिकलेली, संघात सिस्टिम बघायला लागली. चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "काकू, आपल्या संघात आहेत त्याच्यापेक्षा गेलेलीच माणसं जास्त दिसून राहिली."

तिनं एक सोय बसवली होती. कोणती जागा शेवटची कधी उघडली ते पडद्यावर दिसायचं. नाव, आणि नावासमोर शेवटची हजेरी. सहा महिने जी जागा कुणी उघडली नाही ती मोकळी करायची, कंपनीला परत करायची, त्या माणसाच्या मशीनवरून सॉफ्टवेअर उतरवायचं आणि माझ्या रजिस्टरला तशी नोंद घालायची. रिटायर करणं म्हणतात त्याला त्यांच्या भाषेत. पद्धत चांगली होती, मला आवडली. मला घर आवरायला आवडतं, मग हे का नाही आवडणार.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी दुपारी जेवणानंतर बसायचो. बाहेर गोदामात कोसा उकळायचा आणि त्याचा तो वास, ज्यांनी घेतला त्यांनाच माहीत, दाराच्या फटीतून आत यायचा. प्राजक्ता नाकाला ओढणी लावून नाव वाचायची, मी सांगायची. हा जवाहरनगरला फॅक्टरीत लागला. ही लग्न करून रायपूरकडे गेली. हा इथेच आहे, पण आता हिशेबाला नाही, विक्रीला बसतो. प्राजक्ता टिचकी मारायची की एक जागा मोकळी.

एकदा तिनं शोभाचं नाव वाचलं. शोभा माझ्या शेजारच्या टेबलाला बसायची, पत्रं टाइप करायची. माझ्या डब्यातली लाखोळीच्या डाळीची भजी आधी तिला लागायची, मग मला उरायची. तिला जाऊन तेव्हा तीन पावसाळे झाले होते आणि तिची जागा दर मार्चला नवी होत होती. शेवटची हजेरी ज्या दिवसाची लिहिलेली, त्या दिवशी ती मला म्हणाली होती की आज अंग मोडून येतं, जरा लवकर जाते. मी प्राजक्ताला म्हटलं, थांब जरा. ती थांबली. मी काही रडले वगैरे नाही. पाणी प्यायले आणि म्हटलं, काढ. काढलंच पाहिजे ना. मेलेल्या माणसाच्या नावानं भाडं भरत राहणं काही माया नव्हे.

पण आवरण्याचंही एक असतं. आमच्याकडे मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळून घेतात. फूल काळ्या भुईवर पडलं की स्वच्छ दिसतं, पटकन वेचता येतं. काम सोपं होतं, खरंच होतं. पण वारा फिरला की ती आग झाडाखालीच राहील असं नाही. बाजूच्या जमिनीत काय उगवून यायचं होतं, कोणत्या पाखरानं गवतात काय घातलं होतं, ते जाळणाऱ्याला दिसत नाही. त्याची नजर मोहावर असते. आता लोकांना तसं जाळू नका म्हणून सांगतात, जाळी बांधतात खाली. काही ऐकतात.

यादोरावांचं तसंच झालं.

यादोराव आंधळगावचे. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माग. शिवाय थोडी धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं. आमच्या भागात असं असतंच, पायाशी माग आणि डोक्यात धान. त्यांचा हात मात्र विणण्यापेक्षा काठ काढण्यात. करवतीचे दात असावेत तसा आमच्याकडच्या कोशाच्या लुगड्याला काठ असतो, तो त्यांनी किती तऱ्हांनी काढला असेल. आधी चौकटीच्या कागदावर, लाल-निळ्या पेन्सिलीनं, एक चौकट म्हणजे एक धागा. पुढे संघानं काठ काढायचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा सगळ्यांनी डोळे वटारले, पण यादोराव शिकले. उंदीर, म्हणजे तो माऊस हो, हातात धरायला घाबरायचे सुरुवातीला. म्हणायचे, "हा सरकते बाप्पा, पेन्सिल सरकत नाही." पण शिकले. सॉफ्टवेअर जुनं, पुन्हा कधी न बदललेलं, जागा एकच आणि ती त्यांच्या नावाची.

आता त्यांची यायची रीत ऐका. मृग लागला की ते बांधीत. रोवणी, निंदण, मग दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग कापलेल्या धानाचे पुंजणे रचणे, मग मळणी. धान घरात पडलं की मंडईची जत्रा बघायची, रात्रीची नाटकं बघायची, लाखोळी काढायची. आणि मग मोहाचा वास सुटला की एक दिवस सकाळच्या बसनं ते धोतर झटकत संघात हजर. तिथून थेट पुढच्या मृगापर्यंत रोज. संघात हे सगळ्यांना ठाऊक. इतकं ठाऊक की कुणी कधी बोलून दाखवलं नाही. फाल्गुनात ऊन तापतं हे कुणी कुणाला सांगतं का?

प्राजक्ता आली होती पावसाळ्यात. तिनं यादोरावांना पाहिलंच नव्हतं. माघात तिनं पडदा उघडला, त्यांच्या नावासमोर मागच्या उन्हाळ्यातली हजेरी, मधले सगळे महिने कोरडे. नियमाप्रमाणे तिनं त्यांना ईमेल पाठवला, तुम्ही ही जागा वापरत आहात का म्हणून. तो ईमेल उघडायचा तर यादोरावांना त्याच खुर्चीवर येऊन बसावं लागलं असतं. ते त्या वेळी लाखोळीत होते. उत्तर आलं नाही. मी त्या आठवड्यात नातीच्या बारशाला गोंदियाला गेले होते. परत आले तर जागा मोकळी झालेली, मशीनवरून सॉफ्टवेअर उतरवायचं तेवढं राहिलेलं, आणि मार्चला नव्या करायच्या जागांची यादी त्यांच्या नावाशिवाय कंपनीकडे गेलेली.

आणि मग मोह फुलला. यादोराव आले. मला आठवतं, येताना त्यांनी पळसाची फुलं आणली होती फडक्यात, होळीचा रंग करायला, बायांना वाटली. चहा घेतला. मग आपल्या खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, मशीन लावलं. मी सुताच्या लडी मोजत होते. थोड्या वेळानं माझ्या कानाला काहीतरी खटकलं. टिकटिक येत नव्हती. मान वर केली तर ते पडद्याकडे बघत नुसते बसलेले. पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ. तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं, आपलं नाव आणि त्याच्यापुढचा 'नाही' हा शब्द.

त्यांनी मशीन बंद केलं, रीतीनं, शिकवलं होतं तसं. फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "येतो बाई," म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, आत्ता तर आलात. ते म्हणाले, बसचा टाइम आहे. बसचा टाइम नव्हता.

मी प्राजक्ताकडे गेले. तिला कळलं तसा तिचा चेहरा उतरला, पण मुलगी शहाणी, सबबी सांगत बसली नाही. खटाखट बघायला लागली. आणि जे निघालं ते असं. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला काठ त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, दुसऱ्या कशात नाही. कंपनी आता ते जुनं विकत नाही. परत केलेली जागा ते काही दिवस राखून ठेवतात. तेवढ्या मुदतीत ज्याच्या नावाची जागा त्यानं स्वतः येऊन उघडली तर ती परत मिळते. पासवर्ड त्याचा, आणि ज्या मोबाइलवर आकडा येतो तो मोबाइलही त्याचाच हवा. मुदत गेली की झालं. यादोरावांनी इतक्या वर्षांत काढलेले सगळे काठ मशीनमध्ये असणार, पण कुलूप लावलेल्या कोठीतल्या धानासारखे. दाराशी उभं राहून काय उपयोग.

तिनं यादोरावांना फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. मी म्हटलं, चल बाई, जाऊ.

आंधळगावच्या त्या बसच्या प्रवासाचं मला अजून सगळं आठवतं. कापून मोकळ्या पडलेल्या बांध्या, त्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, एकेकटा पळस, पान नाही, नुसता लाल. तलावाचं पाणी आत सरकलेलं आणि उघड्या पडलेल्या चिखलात बगळे. प्राजक्ता खिडकीशी बसून नखं खात होती. एकदाच बोलली, "काकू, मी नियमानं केलं न वो?" मी म्हटलं, नियमानंच केलं. आणखी काय म्हणणार. खरंच तिनं नियमानं केलं होतं.

यादोरावांचं घर गावाच्या कडेला. आतून मागाची खटखट येत होती, त्यांची सून संगीता विणत होती. मुलगा नागपूरला कामाला, घरी सासरा आणि सून. अंगणात जुन्या लुगड्यावर मोहफुलं वाळत घातलेली आणि यादोराव त्यांच्यावर हात फिरवून ती पालटत बसलेले. आम्हाला पाहून उठले, पाट दिले, संगीताला चहा टाकायला सांगितलं. राग नाही, काही नाही. आणि मग असे बोलायला लागले की काय सांगू. लाखोळीत रानडुकरं कशी शिरली, यंदा मोहाचा बहर कसा कमी, तलावाच्या पाळीला भगदाड पडलं ते कुणी बुजवत नाही. प्राजक्ता मध्ये तोंड उघडायची की ते म्हणायचे, घ्या न बाई, चहा घ्या.

शेवटी तिनं कप खाली ठेवला आणि बोलून टाकलं, "काका, तुमचं नाव मीच काढलं. तुम्ही धानानंतर येता हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही एकदा चला, ते परत मिळते."

यादोराव फुलं पालटत राहिले. म्हणाले, "तुही काय चूक पोरी. रिकामी खुर्ची दिसली, उचलली." आणि मग, "आता मी कायले येऊ? नवीन मशीन घ्या, नवीन मानूस ठेवा. माहे डोळेही आता दोन धाग्याचे चार दाखवून राहिले."

मला राग आला. मी म्हटलं, भाऊ, हे काय रुसायचं वय आहे?

"रुसाले वय नाही लागत बाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडे हसले. पण उठले नाहीत.

मागाची खटखट केव्हा थांबली होती ते मला कळलंच नाही. संगीता दारात उभी होती. आमच्याकडे सुना सासऱ्यापुढे फार बोलत नाहीत, ही तर मुळातच कमी बोलणारी. पदर नीट करून म्हणाली, "मामाजी, लाखोळीच्या फुलाचा काठ माह्या मागावर चढून हाय. अर्धा नकाशा माह्याजवळ हाय, उरला तो त्या मशीनीत. आता मी काय मनानं विनू?"

त्यांनी फुलं आणखी पसरली.

"तुमचं नाव नसन ठेवाचं तं नका ठेवू," ती म्हणाली. "मले आतून माहा काठ तं आनून द्या."

मला वाटलं आता बिनसलं. सासऱ्याला असं कुणी बोलतं का. पण यादोरावांनी फुलांवरचा हात थांबवला. एक फूल उचललं, बोटात फिरवलं, परत ठेवलं. मग प्राजक्ताला विचारलं, उद्या सकाळची बस वेळेवर येते का? ती बिचारी साकोलीची, तिला आंधळगावच्या बसचं काय माहीत. तरी म्हणाली, येते काका.

आले. संगीताला सोबत घेऊन आले. खुर्चीवर बसले, पासवर्ड टाकला, तो काही विसरले नव्हते. आता मोबाइलवर आकडा यायचा होता. आम्ही सगळे मागे उभे. सेक्रेटरीसाहेबही केबिनमधून निघून आलेले. यादोरावांनी खिशातून रबर लावलेला फोन काढून टेबलावर ठेवला आणि आम्ही त्या फोनकडे असे बघत राहिलो जसं काही अंडं फुटून पिल्लू निघणार आहे. काहीच येईना. पुन्हा मागितला, पुन्हा नाही. प्राजक्ताला घाम. शेवटी संगीता हळूच म्हणाली, "मामाजीच्या फोनमध्ये रिचार्ज कुठी हाय?" दिवाळीपासून नव्हतं. बांधीत फोन कशाला लागतो. प्राजक्तानं आपल्या फोनवरून रिचार्ज मारलं आणि पुन्हा आकडा मागितला. तो पोचला तेव्हा फोनवर मागच्या कितीतरी महिन्यांचे मेसेज एकावर एक येऊन पडले. त्यातून तो सहा आकडी मेसेज शोधायला आमच्या तिघींचे डोळे लागले.

उघडलं.

मी त्या मशीनवरची धूळ रोज पुसत आले होते, पण आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. इतर लोक फायलींना नंबर देतात, तारखा देतात. यादोरावांनी नावं दिली होती. लाखोळीचं फूल. बोडीवरचे, म्हणजे छोट्या तळ्यावरचे, बगळे. रोवणी. वाळली पाळ. शेवंताचा पदर. शेवंता त्यांची बायको, तिला जाऊन खूप वर्षं झाली होती. संगीता मागून एकेक नाव वाचत होती आणि एका नावावर थांबली. "हा सासूबाईचा," असं माझ्याकडे पाहून फक्त ओठांनी म्हणाली.

त्यानंतरचा सगळा फाल्गुन आणि चैत्राचे काही दिवस यादोराव आणि संगीता रोज यायचे. प्राजक्तानं तोड काढली होती. जुन्या सॉफ्टवेअरमधला प्रत्येक काठ साध्या चौकटीच्या चित्रात उतरवून ठेवायचा, म्हणजे तो कुठल्याही मशीनवर उघडेल, छापता येईल, भिंतीवर टांगता येईल. सासरा खुर्चीवर, सून स्टुलावर. ते सांगायचे, ती उतरवायची. कधी तिच्या हातून धागा सुटला की ते नुसते खाकरायचे. दुपारी डबा सोडायचे, त्यात वांग्याची भाजी आणि पाटोड्या असायच्या, आणि एक वाटी न विचारता प्राजक्ताच्या टेबलावर जायची. एकदा मी पाहिलं, ती वाटी परत करताना प्राजक्ता म्हणत होती की काका, मला पण एक काठ शिकवा. ते म्हणाले, आधी बस, मग धाग्यात डोळा बसू दे, मग बोलू. एवढी बडबडी मुलगी, पण तास तास गप्प बसलेली मी तिला तिथेच पाहिली.

संघातली रीत त्या वर्षापासून बदलली. अजून तशीच चालते. जागा मोकळ्या करायचं काम आता माघात होत नाही. धान घरात आलं, लाखोळी निघाली, माणसं मोकळी झाली की मगच पडदा उघडायचा. आणि आधी फोन करायचा. ते काम माझं. आजही सकाळी तेच करत होते. मी नाव वाचते, फोन लावते आणि विचारते, तुमच्या नावानं इकडे हे एक आहे, ते ठेवायचं की काढायचं? लोक सरळ उत्तर देतात असं समजू नका. मुलीचं जमलं, गुडघे धरले, शेजाऱ्यानं धुरा कोरला, सगळं सांगून होतं, मग शेवटी म्हणतात, ते काय म्हणत होत्या बाई? प्राजक्ता घड्याळाकडे बघते. पण थांबते. एकाला मी विचारलं तर तो म्हणाला, "तुमाले आठवन हाय का माही?" त्याची जागा त्यानं दोन वर्षं उघडली नव्हती. मी म्हटलं, आहे न वो. तो म्हणाला, मग काढून टाका.

कधी कधी मला वाटतं, एवढ्या जागा कशाकशात असतात माणसाच्या नावानं. रेशन कार्डात, बसच्या पासात, चहाच्या टपरीवरच्या उधारीत, पोराच्या मोबाइलमध्ये. कुठून आपण कधी निघालो ते आपल्याला कळतही नाही. माझी सून खिडक्या लावते तशा त्या कुणीतरी हळूच लावून घेतं. आणि त्याचं फार काही वाईट वाटून घेण्यासारखं नसतं. आवरणं तर लागतंच. मी इतकी वर्षं भांडार सांभाळलं, मला ठाऊक आहे, जुनं काढल्याशिवाय नवं ठेवायला फळी रिकामी होत नाही. तरी यादोराव त्या दिवशी कोणत्या गोष्टीनं उठून गेले, ते मला कितीतरी दिवस नीट कळलं नव्हतं. मला वाटत होतं, काठ अडकले म्हणून. प्राजक्ताला वाटत होतं, नाव गेलं म्हणून.

चैत्रात एके दिवशी शेवटचा काठ उतरवून झाला. ऊन चढलं होतं, मोह संपत आला होता. प्राजक्ता आनंदानं म्हणाली, काका, ती जागा आता परत तुमच्या नावानं पक्की करून टाकते, राहू द्या ती तुम्हाला, कुणी हात लावणार नाही. मी लिहून ठेवते तसं.

यादोरावांनी चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाले, "नको. माहं काम झालं. सूनबाईच्या नावानं काही नवीन घेता येत असन तं पाहा. हे काढून टाका."

संगीता काही बोलायला गेली, त्यांनी हातानं थांबवलं.

"काढाचं कसं असते ते दाखव," ते प्राजक्ताला म्हणाले. "मीच काढतो."

तिनं पान उघडून दिलं आणि बोट ठेवून दाखवलं, इथं दाबायचं. त्यांनी माऊस धरला, तोच तो सरकणारा. बाण नेमका जागेवर नेला आणि दाबलं. जागा गेली नाही. पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट उघडली, आत इंग्रजीतल्या दोन ओळी.

"आता काय म्हनते हे?"

प्राजक्तानं वाकून वाचलं. "म्हणते, तुमची खात्री आहे का. एकदा काढलं की परत मिळणार नाही."

यादोरावांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. पडद्याकडे बघत बसले. मग मान वळवून संगीताला म्हणाले, "इचारून राहिलं मले."

प्राजक्ता खाली बघत होती.

यादोरावांनी सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली, एखाद्या मोठ्या माणसानं नाव विचारल्यावर करतात तशी, खुर्चीत सरळ झाले, आणि आपल्या बोटानं त्याला हो सांगितलं.